आई-बाबांना विमानात बसवताना: पट्टा, हादरे आणि इजा झालीच तर करायची कागदपत्रं

आईच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं ते जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, लख्ख उन्हात. मुंबईहून लंडनला निघालो होतो. जेवणं उरकली होती, सीट बेल्टचा दिवा विझलेला होता आणि आई मागच्या टॉयलेटसमोर तिसऱ्या नंबरला उभी होती. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र काळ्या समुद्रावर आलं होतं. आधी पोटात खड्डा पडला, मग समोरच्या ट्रेवरचा पाण्याचा ग्लास माझ्या डोळ्यांसमोर आला, म्हणजे खरंच डोळ्यांच्या उंचीला. मागे वळून पाहिलं तोवर आई खाली बसलेली होती आणि उजवा हात डाव्या हाताने धरून त्याकडे नुसती बघत होती.

सगळा प्रकार दहा सेकंदांचाही नसेल. त्यानंतरचे खेटे चौदा महिने चालले. त्यात काय चुकलं आणि काय केलं असतं तर बरं झालं असतं, ते क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त, म्हाताऱ्या आई-वडिलांना पोराबाळांकडे परदेशी पाठवणाऱ्यांसाठी.

१. तिकीट आणि विमा

जागा निवडताना पंखांच्या आसपासची रांग घ्या. विमानाचा तोल तिथे असतो, शेपटीकडे हेलकावे जास्त जाणवतात. आम्ही मुद्दाम शेवटच्या रांगा घेतल्या होत्या, का तर टॉयलेट जवळ. हिशेब बरोबर वाटला होता.

वयस्कर माणसाला खिडकी देऊ नका, कितीही हौस असली तरी. दर वेळी दोन माणसांना उठवायचं म्हणून ते टॉयलेटला जाणं लांबवतात आणि मग नेमके नको त्या वेळी घाईने उठतात.

देशातल्या प्रवासात एप्रिल ते जून शक्यतो सकाळचं विमान धरा. वळवाचे ढग दुपारनंतर चढतात आणि त्यांच्या पोटातले झोत वाईट असतात. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं विमान उतरायच्या बेतात असताना अशाच हवेत सापडलं. डझनभराहून जास्त माणसं जखमी झाली आणि त्यातला एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला.

प्रवास विमा काढाच. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं असल्याने युरोपला जाणारे तो आपसूक काढतात. बाकीचे चार पैसे वाचवतात. फॉर्ममध्ये बीपी, मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा, जे आहे ते लिहा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी कंपनी बरोबर शोधून काढते.

२. हाताशी काय ठेवायचं

वरच्या कप्प्यात टाकलेली औषधं नसल्यासारखीच. पुढची एवढी यादी एका छोट्या कापडी पिशवीत घालून पुढच्या सीटखाली ठेवा:

- रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी (औषधाचं मूळ नाव लिहिलेली; आपले ब्रँड बाहेर कोणी ओळखत नाही)
- विमा पॉलिसीची छापील प्रत, त्यावर दावा कळवायचा फोन नंबर गोल करून
- पासपोर्टची झेरॉक्स आणि मुलांचा तिकडचा पत्ता-नंबर
- पेन आणि कोरा कागद
- बोर्डिंग पासचा कागद. मोबाइलवरचा पास प्रवासानंतर अ‍ॅपमधून गायब होतो, म्हणून त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

अंबाडा घालून मागे मोठा क्लचर लावणाऱ्या बायकांना एक सांगणं: क्लचर काढून पर्समध्ये टाका. डोकं मागे आपटलं तर आधी तोच टोचतो.

३. पट्टा बांधायचा कसा

हसू नका. गाडीतला पट्टा बटण दाबून सुटतो, विमानातला बकलची वरची पट्टी उचलून. गाडीत बसायची सवय असलेला माणूस घाबरला की बकल दाबतच राहतो. आई-बाबांकडून चार वेळा लावून-सोडवून घ्या, विमान उभं असतानाच.

पट्टा पोटावर बांधायचा नाही. ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर तो बसला पाहिजे. हाड जोर सोसतं, आतडी सोसत नाहीत. आधी पाठ टेकून मागे सरकून बसा, मग पट्ट्याचं मोकळं टोक ओढा. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये अख्खा तळहात आरामात सरकत असेल तर तो सैल आहे. साडी असेल तर निऱ्यांचा फुगवटा खाली चेपून घ्या, नाहीतर पट्टा घट्ट वाटतो आणि कापड बसलं की ढिला पडतो. पीळ पडलेला पट्टा कापतो. सरळ करून घ्या.

झोपताना आधी ब्लँकेट, मग पट्टा. पट्टा वरून दिसला म्हणजे हादरे सुरू झाल्यावर क्रू तुम्हाला उठवत नाही. पट्टा पुरत नसेल तर एक्स्टेंशन मागा, मिळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गरोदर बाईनेही पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या टोकाशी घ्यायचा.

आता सगळ्यात मोठा सापळा. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर असतं आणि आई प्रेमाने आपलाच पट्टा दोघांभोवती गुंडाळते. हे कधीही करू नका. झटका बसला की तुमच्या अंगाचं सगळं वजन त्या पट्ट्यासकट बाळावर येतं. भारतातल्या आणि युरोपातल्या विमानांत क्रू बाळासाठी छोटा जोडपट्टा देतो, तो तुमच्या पट्ट्यात अडकवून बाळाच्या कमरेला वेगळा लावायचा. अमेरिकी कंपन्यांत तो देत नाहीत. तिथल्या नियामकांचा सल्ला बाळाला स्वतंत्र सीट घेऊन विमानात चालणाऱ्या कार सीटमध्ये बसवण्याचा आहे. परवडत असेल तर तेच उत्तम. बाळ हातांत धरून ठेवू, हा भ्रम आहे. हादऱ्यात दहा किलोचं बाळ दहा किलोचं राहत नाही.

४. दिवा विझल्यावर

लोक दिवा विझला की खट्खट् पट्टे काढतात. अख्ख्या विमानात तो आवाज एकदम येतो, शाळा सुटल्यासारखा. पण दिवा विझला म्हणजे उठायला हरकत नाही, एवढंच. पट्टा काढा असं कोणी म्हटलेलं नसतं.

वैमानिकाच्या रडारला ढग दिसतात, कारण ढगात पाण्याचे थेंब असतात. स्वच्छ हवेतले भोवरे त्याला दिसत नाहीत. वेगवान वाऱ्याचे पट्टे एकमेकांना घासतात तिथे ते तयार होतात, आणि बाहेर निळंशार आकाश असतं. आमच्या वेळी तेच होतं. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं की उत्तर अटलांटिकवर असे तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले. अमेरिकेला जाणारी आपली बरीच माणसं याच वाटेने जातात.

आणि दिवा लागेपर्यंत थांबू म्हणाल, तर २१ मे २०२४ चं सिंगापूर एअरलाइन्सचं लंडन-सिंगापूर विमान आठवा. म्यानमारमधल्या इरावतीच्या खोऱ्यावर, ३७ हजार फुटांवर ते सापडलं. सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार पट्ट्याचा दिवा लावल्याचं वैमानिकाने म्हटलं आणि साधारण आठ सेकंदांत झटका आला. ०.६ सेकंदात माणसं सीटवरून उचलली गेली, पुढच्या चार सेकंदांत खाली आदळली. विमान एकूण खाली आलं होतं फक्त १७८ फूट. विमान बँकॉकला उतरवावं लागलं; ७३ वर्षांचे एक ब्रिटिश प्रवासी गेले, कित्येकांच्या मणक्यांना इजा झाली. आठ सेकंदांत माझी आई चष्मासुद्धा शोधू शकत नाही.

नीट पाहिलं तर विमान खाली जातं आणि न बांधलेला माणूस आहे तिथेच राहतो. म्हणून छत डोक्यावर येऊन आपटतं. मग विमान पुन्हा वर येतं आणि माणूस जमिनीवर पडतो. म्हणजे मार दोनदा.

बसलेलं असताना पट्टा कायम. चहा-कॉफी हातात घेऊन गप्पा मारत बसू नका, कप अर्धाच घ्या, झाकण मागा. भाजण्याच्या जखमा यातूनच होतात. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमीतले गरम नूडल्स याच कारणाने बंद केले.

टॉयलेटला जायचं तर जेवणाच्या ट्रॉल्या यायच्या आधी जा, रांग नसते. रांग असेल तर उभं राहू नका, परत येऊन बसा. आता मी हे फार ठासून सांगते. अमेरिकेच्या विमान नियामकाची आकडेवारी आहे: २००९ ते २०२२ मध्ये तिथल्या विमानांत हादऱ्यांनी १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यातले १२९ क्रूमधले. म्हणजे मार खातो तो उभा असलेला माणूस.

५. हादरे सुरू झाले

तुमच्या सीटकडे धावू नका. जिथे असाल तिथे जवळची रिकामी सीट धरा आणि पट्टा लावा. कोणाची आहे हे नंतर बघू. सीट नसेल तर मधल्या वाटेत खाली बसा आणि सीटचा हात खालून पकडा. वरून पकडलेला हात सुटतो. टॉयलेटमध्ये असाल तर कमोडचं झाकण लावून त्यावर बसा, भिंतीवरचा दांडा धरा. क्रू येईल म्हणून दार उघडून बघत बसू नका. त्या वेळी क्रूलाही बसायचाच हुकूम असतो.

लॅपटॉप पुढच्या सीटखाली, पाण्याची स्टीलची बाटलीही. वरचा कप्पा उघडू नका.

६. लागलंच तर, पहिला अर्धा तास

आईचं मनगट सुजायला लागलं तेव्हा पलीकडच्या रांगेतल्या एक बाई, निवृत्त नर्स निघाल्या, पहिलं वाक्य बोलल्या ते: "पाटल्या काढा, आत्ताच्या आत्ता." मी हाड तपासायच्या गडबडीत होते. त्यांनी क्रूकडून साबणाचं पाणी मागवलं आणि दोन पाटल्या नि अंगठी अलगद उतरवली. आई कळवळली. पण आणखी वीस मिनिटांनी पाटल्या कापाव्या लागल्या असत्या आणि तोवर बोटांचा रक्तपुरवठा अडला असता. हाताला लागलं की आधी दागिने आणि घड्याळ.

मग विमानातल्या मासिकाची सुरळी मनगटाखाली धरून रुमालांनी बांधली आणि हात छातीशी टेकवून ठेवला. मानेला किंवा पाठीला लागलं असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर माणसाला उचलून सीटवर बसवायची घाई करू नका. हालवू नका, क्रूला सांगा. ते विमानातल्या डॉक्टरला हाक देतात.

वेदना कमी असल्या तरी "काही नाही, ठीक आहे" म्हणू नका. आपल्या आई-बाबांची ही फार वाईट खोड आहे. आईने तीनदा म्हटलं, आणि क्रूच्या नोंदीत तेच गेलं.

या अर्ध्या तासात करायच्या नोंदी:

- वेळ, सीट नंबर, त्या वेळी पट्ट्याचा दिवा लागलेला होता की नव्हता
- जखमेचे आणि आजूबाजूच्या सांडलवंडीचे फोटो
- शेजारच्या दोन प्रवाशांची नावं आणि नंबर (लोक आनंदाने देतात, उतरल्यावर मात्र कोणी सापडत नाही)
- मदत केलेल्या डॉक्टर किंवा नर्सचं नाव
- क्रूप्रमुखाला स्पष्ट सांगा: "याची लेखी नोंद करा आणि नोंदीचा क्रमांक द्या."

नोंदीची प्रत बहुधा देत नाहीत. क्रमांक तरी घ्या.

७. विमानतळावरून बाहेर पडण्याआधी

आमची खरी चूक इथे झाली. भाऊ बाहेर ताटकळत होता, आई दमली होती, व्हीलचेअरवाला घाई करत होता. आम्ही सरळ बाहेर आलो आणि संध्याकाळी सरकारी इस्पितळाच्या अपघात विभागात गेलो. तीन आठवड्यांनी विमान कंपनीचा मेल आला: हे हाड विमानातच मोडलं कशावरून? घरच्या बाथरूममध्ये नाही कशावरून?

म्हणून विमानतळाच्या वैद्यकीय कक्षात दाखवल्याशिवाय बाहेर पडू नका. तिथला कागद, त्यावर वेळ, फ्लाइट नंबर आणि "प्रवासात हादऱ्यामुळे इजा" असे शब्द. मग कंपनीच्या काउंटरवर जाऊन लेखी कळवा. तिथे एखादा फॉर्म पुढे करतील, सोबत व्हाउचर किंवा थोडी रक्कम. मजकुरात "यापुढे कोणताही दावा राहणार नाही" अशा अर्थाचं काही असेल तर सही करू नका. वाचता येत नसेल तर फोटो काढून मुलांना पाठवा.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा. उशिरा कळवलं हे नाकारायचं सोपं निमित्त असतं. ब्रिटनमध्ये अपघात विभागातले पहिले उपचार परदेशी पाहुण्यालाही मोफत असतात, पुढच्या तपासण्यांचं बिल मात्र येतं. पहिलं प्लास्टर फुकट झालं म्हणून आम्ही निर्धास्त होतो, विम्याला चार दिवसांनी फोन केला. त्यावरून पुढे बरीच वादावादी झाली.

८. दावा

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. तुमच्या कामाचं एवढं:

विमानात अपघाताने शारीरिक इजा झाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत कंपनीला "आमची चूक नव्हती" म्हणून हात झटकता येत नाहीत. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम दोन लाख डॉलरच्या वर जाते. पण हुरळून जाऊ नका. एवढे पैसे मिळतात असा याचा अर्थ नाही. तुम्ही बिलांनी सिद्ध कराल तेवढंच नुकसान मिळतं. नुसत्या भीतीचे, झोप उडाल्याचे पैसे या करारात सहसा मिळत नाहीत.

दिवा लागलेला असताना तुम्ही पट्टा काढला होता असं कंपनीने दाखवलं, तर भरपाई कापता येते, कधी पूर्णही. आईच्या वेळी दिवा विझलेला होता, आणि मी पेनने ती वेळ लिहून ठेवली होती. सगळ्या फायलीत त्या एका ओळीने सर्वांत जास्त काम केलं.

मुदत दोन वर्षांची, विमान पोचल्याच्या दिवसापासून. मेलामेली चालू आहे म्हणून ती थांबत नाही, हे लक्षात ठेवा. देशातल्या प्रवासाला रुपयांतली वेगळी मर्यादा आहे.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला एकच मुद्देसूद मेल, सोबत सगळे कागद. फोनवर बोललात तरी त्याचा सारांश त्याच दिवशी मेलने पाठवा. दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार. तिथून भरपाई ठरत नाही, पण कंपनीकडून उत्तर लवकर येतं. त्यानंतर ग्राहक आयोग. भरलेलं भाडं ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. इजा मोठी असेल, मणका किंवा डोकं, तर या पायऱ्या चढत बसू नका, सरळ वकील गाठा.

आम्हाला पहिल्या मेलवर दिलगिरी आणि पुढच्या प्रवासावर सवलतीचं कूपन मिळालं. दुसऱ्यावर पुरावे मागितले. त्या निवृत्त नर्सबाईंचा नंबर आमच्याकडे होता. त्यांनी पानभर लिहून, सही करून पाठवलं. त्यानंतर कंपनीची भाषा बदलली. इस्पितळाची बिलं आणि पुढे ढकललेल्या परतीच्या तिकिटाचा फरक शेवटी मिळाला.

फिजिओथेरपीचे पैसे मात्र राहिले. भारतात परत आल्यावर आईने घराजवळच्या बाईंकडे तीन महिने व्यायाम केले, रोजचे पैसे रोख दिले आणि एकही पावती घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, ओळखीची आहे ती, पावती काय मागायची." तेव्हा प्लास्टर निघाल्यावरही पावत्या घेत राहा, आणि ओळखीच्या माणसाकडून आधी घ्या.